सभागृहातील मौन : एका शिस्तीचा इतिहास

५ मे २०१९ रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहरी, तेथील सिंफनी हॉल या प्रसिद्ध सभागृहात, हँडेल अँड हायडन सोसायटी या १८१५ साली स्थापन झालेल्या संस्थेचा जलसा चालू होता. मोझार्टची एक छोटीशी शोकगंभीर रचना नुकतीच संपली होती. शेवटचा स्वर विरत चालला होता, वादक निश्चल होते आणि टाळी वाजविण्यास अद्याप कोणी धजावले नव्हते. इतक्यात त्या नीरवतेत एका बालकाचा विस्मयाने ओथंबलेला उद्गार साऱ्या सभागृहात घुमला : ‘वाव!’ क्षणभर सारे स्तब्ध झाले. मग हास्याची एक लहर उमटली आणि पाठोपाठ टाळ्यांचा कडकडाट झाला. संस्थेच्या चालकांनी पुढे त्या मुलाचा शोध घेतला, तो त्याला शासन करण्यासाठी नव्हे, तर त्याचे कौतुक करण्यासाठी. मुलगा नऊ वर्षांचा होता आणि आजोबांचा हात धरून आला होता. तो स्वमग्न होता. मनातला भाव आपण होऊन शब्दांत प्रकट करण्याचे प्रसंग त्याच्या आयुष्यात बोटांवर मोजण्याइतकेच आले होते, असे आजोबांनी सांगितले.

ही कथा गोड आहे, म्हणून ती जगभर सांगितली गेली. परंतु तिच्या शेजारी दुसरी एक कथा ठेविल्यावाचून तिचा अर्थ पुरता कळत नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘द किंग अँड आय’ या संगीतिकेचा प्रयोग चालू असता, चाबकाच्या फटक्यांचा प्रसंग येताच प्रेक्षागारातील एक स्वमग्न मूल भयाने किंचाळले. भोवतालचे प्रेक्षक मुलाच्या आईवर चिडले. तिने त्याला बाहेर न्यावे, असे शब्द तिच्या कानी पडले. ती माउली त्याला बाहेर नेण्याचीच धडपड करीत होती. त्या प्रयोगात भूमिका करणाऱ्या केल्व्हिन मून लो या नटाने नंतर जाहीरपणे त्या आईची बाजू घेतली. तिच्या धैर्याची त्याने वाखाणणी केली आणि नाट्यगृहात येणाऱ्यांच्या ठायीची करुणा केव्हा आटली, असा प्रश्न विचारला.

एके ठिकाणी मुलाच्या आवाजाला टाळ्या मिळाल्या. दुसऱ्या ठिकाणी आईची निर्भर्त्सना झाली. आवाज आनंदाचा असला तर क्षम्य आणि भयाचा असला तर अक्षम्य, असा न्याय यातून निघतो, आणि तो न्याय नव्हे हे उघड आहे. मूळ प्रश्न त्यापलीकडचा आहे. श्रोत्याने निःशब्द, निश्चल आणि अंधारात बसून राहावे, हा नियम संगीताच्या स्वभावातूनच निघाला आहे काय? तसा तो असेल तर ज्यांना असे बसवत नाही त्यांच्याविषयी हळहळण्यापलीकडे आपण काही करू शकत नाही. परंतु हा नियम एखाद्या काळाने आपल्या गरजेपोटी घालून घेतला असेल, तर दुसऱ्या काळाला तो सैल करण्याचा अधिकार आहे. याचे उत्तर इतिहासातच शोधावे लागते.

ज्या मोझार्टच्या रचनेनंतर बॉस्टनमधील मुलगा उद्गारला, त्या मोझार्टचाच अनुभव प्रथम पाहू. १८ जून १७७८ रोजी पॅरिसमध्ये त्याची नवी सिंफनी वाजविण्यात आली. त्याने वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्या दिवसाचा वृत्तांत आहे. पहिल्या खंडाच्या ऐन मध्यावर एक जागा श्रोत्यांना हमखास आवडेल हे तो जाणून होता, आणि झालेही तसेच. वाद्ये वाजत असतानाच श्रोत्यांनी टाळ्यांचा गजर केला. शेवटच्या खंडाचा आरंभ त्याने मुद्दाम मंद स्वरात, केवळ व्हायोलिनांवर ठेवला होता. श्रोत्यांनीच एकमेकांना ‘श्श्’ करून गप्प केले, आणि पुढे सारा वाद्यवृंद गर्जू लागताच पुन्हा टाळ्या पडल्या. या व्यत्ययाने मोझार्ट खिन्न झाला नाही. उलट तो इतका प्रसन्न झाला की जलसा संपताच बाहेर पडून त्याने आइस्क्रीम खाल्ले. श्रोते मध्येच बोलणार, दाद देणार, हे गृहीत धरूनच त्याने ती रचना बांधली होती.

अठराव्या शतकातील युरोपीय संगीतगृहांचे चित्र सामान्यतः असेच होते. प्रेक्षागारात मेणबत्त्या जळत असत. सज्जांतून गप्पा, खाणेपिणे, क्वचित पत्त्यांचा डावही चाले. आवडता गायक पुढे आला की सारे कान टवकारीत आणि त्याचे पद संपले की पुन्हा आपापल्या गप्पांकडे वळत. या मोकळेपणाला आदर्श म्हणण्याचे कारण नाही. तो बव्हंशी धनिकांचा मोकळेपणा होता आणि त्यात संगीताची हेळसांडही पुष्कळ होई. तथापि एवढे खरे की, त्या काळी हालचाल किंवा आवाज हा श्रोत्याचा अपराध ठरत नव्हता.

बेथोव्हेनच्या आयुष्यातील एक प्रसंग या संदर्भात सर्वांनाच ठाऊक आहे. ७ मे १८२४ रोजी व्हिएन्ना येथे त्याची नववी सिंफनी प्रथम सादर झाली तेव्हा त्याची श्रवणशक्ती जवळजवळ नष्ट झाली होती. पाठीमागे टाळ्यांचा गजर होत असता तो श्रोत्यांकडे पाठ करून उभा राहिला. तेव्हा कारोलिन उंगर या गायिकेने त्याला हळूच श्रोत्यांकडे वळविले. त्याला आपला हर्ष ऐकू जात नाही हे उमगल्यावर श्रोत्यांनी टोप्या आणि रुमाल उंचावून हलविण्यास सुरुवात केली. हा प्रसंग बहुधा बेथोव्हेनविषयीच्या करुणेने सांगितला जातो. मला मात्र त्यातील श्रोत्यांचे वर्तन अधिक लक्षणीय वाटते. समोरच्या माणसाचे एक इंद्रिय साथ देत नाही, तेव्हा आपण दुसऱ्या इंद्रियाची भाषा वापरावी, हे त्या जमावाला कोणी शिकविलेले नव्हते. रूढी त्यांनी तिथल्या तिथे बदलली. पुढील दीडशे वर्षांत सभागृहांना जे अवघड वाटू लागले, ते व्हिएन्नाच्या त्या श्रोत्यांनी क्षणार्धात केले.

मौनाची शिस्त आली ती यानंतर, आणि ती निष्कारण आली नाही. पॅरिसमध्ये १८२८ साली आबनेक याच्या नेतृत्वाखाली कॉन्झर्व्हातोआरचे जलसे सुरू झाले आणि त्यांतून बेथोव्हेनच्या सिंफनी एकाग्रतेने ऐकण्याची सवय रुजत गेली. संगीत म्हणजे भोजनोत्तर करमणूक नसून आत्म्याला उन्नत करणारी गंभीर कला आहे, ही कल्पना त्या पिढीची. ज्या रचनेत एक बारीकसा स्वरसमूह अर्धा तास विकास पावत जातो, ती गप्पा मारीत ऐकता येत नाही, हेही तितकेच खरे. पुढे १८७६ साली बायरॉइट येथे वाग्नरने स्वतःचे नाट्यगृह उभारले. त्यात बाजूचे सज्जे नव्हते, वाद्यवृंद दृष्टीआड होता आणि प्रेक्षागारात अंधार केला जाई. श्रोत्याने श्रोत्याकडे पाहू नये, केवळ रंगमंचाकडे पाहावे, ही त्यामागील योजना होती. ती शिस्त इतकी अंगी बाणली की, १८८२ मध्ये ‘पार्सिफाल’च्या एका प्रयोगात खुद्द वाग्नरने एका प्रवेशास ‘ब्राव्हो’ म्हणून दाद दिली, तेव्हा भक्तमंडळींनी त्यालाच दटावून गप्प केले, अशी आठवण सांगतात. व्हिएन्नाच्या राजकीय ऑपेरागृहाची सूत्रे १८९७ मध्ये माहलरकडे आली. भाडोत्री टाळ्या वाजविणाऱ्यांचा त्याने बंदोबस्त केला आणि खेळ रंगात असता उशिरा आत शिरण्याची मोकळीकही बंद केली. १९०० साली उघडलेले बॉस्टनचे सिंफनी हॉल तर वॉलेस सेबाइन या पदार्थवैज्ञानिकाच्या ध्वनिगणितावर बांधले गेले. सूक्ष्मातला सूक्ष्म स्वर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा, ही त्या बांधणीची किमया. तिच्याच योगाने एका शतकाहून अधिक काळ लोटल्यावर त्या बालकाचा उद्गारही शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला.

या शिस्तीने कलेला जे दिले ते थोडे नाही. अतिमंद स्वरांचे सारे सौंदर्य तिच्यामुळे श्रोत्यांच्या वाट्यास आले. परंतु तिने एक गोष्ट नकळत केली : तिने ‘चांगला श्रोता’ म्हणजे कसले शरीर आणि कसले मन, हे ठरवून टाकले. दोन तास न हलता बसू शकणारे, खोकला आवरू शकणारे, अंधारास न भिणारे, जिने चढू शकणारे, आनंद आणि भय दोन्ही गिळून ठेवू शकणारे असे ते शरीर व मन होय. ज्याचे तसे नाही त्याला कोणी मज्जाव केला नाही. परंतु एकदा सर्वांच्या नजरा अंगावर घेतल्यावर तो पुन्हा दाराशी आला नाही, आणि तो आला नाही हे कोणाच्या ध्यानीही आले नाही.

अशा बाहेर राहिलेल्यांचा इतिहास फारसा लिहिला गेलेला नाही. पण त्याच्या काही खुणा सापडतात. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत्-प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने ऑपेरागृहातील संगीत तारेने वाहून आणून दोन कर्णनलिकांद्वारे ऐकविले. यातून ‘थिएट्रोफोन’चा व्यवसाय उभा राहिला. दम्याने खोलीस जखडलेला कादंबरीकार मार्सेल प्रूस्त १९११ साली त्याचा वर्गणीदार झाला आणि द्यबुसीची ‘पेलेआस ए मेलिसांद’ ही संगीतिका त्याने अंथरुणावरून ऐकली. लंडनमध्ये १८९५ पासून ‘इलेक्ट्रोफोन’ नावाची अशीच सोय होती. पहिल्या महायुद्धात रुग्णालयांतील जखमी सैनिकांना तिच्याद्वारे संगीत ऐकविण्यात आले. यंत्राने श्रोत्याला संगीत दिले हे उपकारच होत. परंतु त्याला सभागृहात येण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली नाही. चार माणसांच्या शेजारी बसून ऐकण्यात जे सुख आहे ते तारेतून येत नाही.

त्याच १८९५ साली, १० ऑगस्टला, लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये रॉबर्ट न्यूमन आणि हेन्री वुड यांनी ‘प्रॉमनाड’ जलसे सुरू केले. एक शिलिंग देऊन उभ्याने ऐकावे, हिंडावे, खावे-प्यावे, धूम्रपानही करावे. मात्र गायन चालू असता काडी ओढू नये, एवढीच विनंती असे. उच्च संगीत सामान्यांच्या आटोक्यात आणण्याची न्यूमनची ती युक्ती होती. मौनाची शिस्त सर्वत्र दृढ होत असताना दुसऱ्या बाजूने दार किलकिले ठेवण्याचा हा यत्न, त्याच्या पुढील इतिहासामुळे, आपल्या विषयात महत्त्वाचा ठरतो. त्याकडे पुन्हा येऊच.

येथे आपल्या परंपरेकडे एक दृष्टिक्षेप टाकणे अप्रस्तुत होणार नाही. बॉस्टनच्या मुलाचा ‘वाव’ आणि आपल्या मैफलीतील ‘वाहवा’ यांत अंतर किती? आपल्याकडे समेवर मान न डोलविणारा, सुंदर जागेवर न उद्गारणारा श्रोताच गायकाला परका वाटतो. संगीत नाटकांत पदाला ‘वन्स मोअर’ मिळाला नाही तर नटाचे मन खट्टू होई. रात्रभर चालणाऱ्या कीर्तनात मुले निजत, जागी होत, रडत. आया उठून मंडपाबाहेर जात आणि पुन्हा येऊन बसत. एवढ्यावरून आपली परंपरा सर्वांना सामावून घेणारी होती, असा अभिमान मात्र बाळगू नये. दरबारी मैफल निमंत्रितांची होती. देवळाच्या मंडपात कोणी कोठवर यावे हे जातीने ठरत होते. मोकळे वर्तन आणि मोकळे दार या दोन भिन्न गोष्टी आहेत.

ते दार उघडण्याचे काम ज्यांनी केले त्यांत विष्णू दिगंबर पलुस्करांचे (१८७२–१९३१) नाव अग्रभागी आहे. बालपणी फटाक्याने त्यांच्या डोळ्यांना इजा झाली, त्यामुळे शालेय शिक्षणाची वाट खुंटली आणि ते मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी गाणे शिकू लागले. १८९६ मध्ये गुरुगृह सोडल्यावर बडोदे, ग्वाल्हेर असा प्रवास करीत त्यांनी दरबारी आश्रयाऐवजी लोकाश्रयाची कास धरली. तिकीट लावून जाहीर जलसे केले आणि १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. संस्थानिकाच्या निमंत्रणाऐवजी चार आण्यांचे तिकीट हा प्रवेशाचा आधार झाला, ही मोठीच क्रांती होती. आज आपण ज्यास जाहीर जलसा म्हणतो त्याच्या उभारणीत मंददृष्टी माणसाचा एवढा वाटा आहे, याचे स्मरण जलशाच्या चालकांनी ठेवावयास हवे. जाहीर सभागृहाबरोबर खुर्च्यांच्या रांगा, घड्याळ आणि शिस्त हीही आपल्याकडे आली. ती आवश्यक होती. पण तिच्याबरोबर वर सांगितलेला ‘चांगला श्रोता’ही आपल्याकडे येऊन बसला.

हे चित्र बदलू लागले ते विसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि बदल प्रथम कायद्यातून आला. अमेरिकेत १९९० मध्ये व ब्रिटनमध्ये १९९५ मध्ये अपंगांविरुद्ध भेदभाव करण्यास मनाई करणारे कायदे झाले. उतरंड, चाकांच्या खुर्चीसाठी जागा, ऐकण्याच्या यंत्रास सहाय्यक अशी योजना, या गोष्टी उपकार न राहता हक्क ठरल्या. २००० साली ब्रिटनमध्ये सुझान बुल यांनी ‘ॲटिट्यूड इज एव्हरीथिंग’ ही संस्था स्थापिली आणि जाहीर संगीताची स्थळे अपंग रसिकांना कितपत अनुकूल आहेत याची पाहणी व सुधारणा करण्याचे काम हाती घेतले. कर्णबधिरांना संगीताशी काय कर्तव्य, या जुन्या समजाला एव्हलिन ग्लेनी या स्कॉटिश तालवादिकेने आपल्या वादनानेच उत्तर दिले होते. बाराव्या वर्षापर्यंत त्यांची श्रवणशक्ती जवळजवळ गेली. तरी अनवाणी पायांनी आणि सर्वांगाने कंपने टिपत त्या वाजवितात.

परंतु उतरंड बांधल्याने ज्यांचा प्रश्न सुटत नाही असेही श्रोते आहेत : स्वमग्न मुले, बौद्धिक अक्षमता असलेली माणसे, आणि ज्यांच्या मुखावाटे इच्छेविरुद्ध शब्द बाहेर पडतात असे टूरेट विकाराचे लोक. त्यांच्या मार्गातील अडथळा दगडाचा नसून शेजाऱ्याच्या भिवईचा असतो. जेस टॉम या ब्रिटिश लेखिकेस टूरेट विकार आहे. २०११ च्या सुमारास एका प्रयोगास त्या गेल्या असता, प्रेक्षकांच्या तक्रारींमुळे त्यांना मध्यंतरानंतर ध्वनियंत्रकाच्या काचबंद खोलीत बसविण्यात आले. तेथे त्या रडल्या आणि पुन्हा नाट्यगृहाची पायरी चढावयाची नाही असे त्यांनी ठरविले. पुढे त्यांच्या ध्यानात आले की, नाट्यगृहात एक जागा अशी आहे की जिथून आपल्याला कोणी उठविणार नाही. ती म्हणजे रंगमंच. २०१४ मध्ये एडिंबरो येथे त्यांनी आपला प्रयोग रंगभूमीवर आणला आणि प्रत्येक प्रयोगात प्रेक्षकांना हवा तसा आवाज व हालचाल करण्याची मुभा ठेविली.

अशा प्रयोगांस इंग्रजीत ‘रिलॅक्स्ड परफॉर्मन्स’ म्हणतात. आपण ‘मोकळा प्रयोग’ म्हणू. न्यूयॉर्कमध्ये २ ऑक्टोबर २०११ रोजी ‘द लायन किंग’ या संगीतिकेचा स्वमग्न मुले व त्यांच्या कुटुंबांसाठी प्रयोग झाला, तेव्हा लुकलुकणारे प्रखर दिवे काढण्यात आले, कर्कश ध्वनी मंद केले गेले आणि बाहेर शांत कोपरे राखण्यात आले. पुढे २९ जुलै २०१७ रोजी, ज्या प्रॉमनाड जलशांचा उल्लेख वर आला, त्याच मालिकेत, बोर्नमथ सिंफनी ऑर्केस्ट्राने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पहिला मोकळा जलसा केला. विसावा घेण्याच्या खोल्या, खुणांच्या भाषेतील निवेदन, दृष्टिहीनांसाठी वर्णन, आणि वाटेल तेव्हा उठण्या-बसण्याची मुभा ही त्याची वैशिष्ट्ये. पुढच्याच वर्षी त्या वाद्यवृंदाचे ‘रिझाउंड’ हे अपंग वादकांचे पथक तेथे वाजले. त्याचे संचालक जेम्स रोज मेंदूच्या पक्षाघातामुळे चाकाच्या खुर्चीत बसून, चष्म्याला बांधलेल्या छडीने, मस्तकाच्या हालचालींनी संचालन करतात. एका शिलिंगात सामान्यांना आत घेणारी संस्था सव्वाशे वर्षांच्या आत आणखी एक दार उघडती झाली, असे या घटनेचे वर्णन करता येईल.

या नव्या रीतीवर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा की, यामुळे संगीताचा रसभंग होईल. यावर उत्तर असे की, सर्व जलसे मोकळे करावेत, अशी मागणी कोणी करीत नाही. शांत जलसेही राहतील. शिवाय स्वमग्न श्रोत्यांत आवाज करणारे आहेत, तसे अनपेक्षित आवाजाने व्यथित होणारेही आहेत. एकाचा हर्षोद्गार हा दुसऱ्याच्या कानाला असह्य होऊ शकतो. तेव्हा ‘गोंगाटाला मोकळीक’ हे या रीतीचे सार नव्हे. काय घडणार आहे याची आगाऊ कल्पना देणारी पत्रिका, मोठा आवाज कोठे येईल त्याची सूचना, कान झाकण्याची साधने, पुरा अंधार न करणे, न अडविणारे दार आणि दाराबाहेर एक शांत खोली या साऱ्यांतून श्रोत्याला निवड करता यावी, हे तिचे सार आहे. दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. अशांसाठी वेगळा जलसा ठेवणे म्हणजे त्यांची वेगळी पंगत मांडणे नव्हे काय? जेस टॉम यांच्यासारख्यांनी हा धोका ओळखूनच मोकळेपणा अपवाद न ठेवता नियम करण्याचा आग्रह धरला. वर्षातून एक जलसा करून कर्तव्य संपले असे मानणाऱ्या संस्थेला हा आक्षेप निश्चितच लागू पडतो.

आपल्या देशातही यासाठी कायद्याचा पाया घातला गेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातील तिसावे कलम अपंगांचा सांस्कृतिक जीवनातील सहभागाचा हक्क मान्य करते. भारताने तो करार २००७ मध्ये स्वीकारला. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने अपंगत्वाच्या प्रकारांची संख्या सातावरून एकवीसवर नेली, त्यांत स्वमग्नतेचा समावेश केला, आणि सांस्कृतिक जीवनासाठी स्वतंत्र कलम ठेविले. परंतु कायदा दार रुंद करू शकतो. शेजाऱ्याची भिवई तो खाली आणू शकत नाही. ते काम श्रोत्यांचे आणि श्रोते घडविणाऱ्यांचे आहे.

आपल्यासारख्या परप्रांतीय मराठी संस्थांमध्ये शारदोत्सव, नाट्यसंगीताच्या बैठकी आणि पुण्यतिथीनिमित्तचे जलसे आजही नियमाने होतात, आणि ते भरविणारे बहुतेक शिक्षक असतात. आपल्या वर्गातील एखादा मुलगा आणि त्याचे आईवडील अशा बैठकीत कधीच का दिसत नाहीत, याचा शोध घेणे शिक्षकाला अवघड नाही. निमंत्रणपत्रिकेवर एवढी एक ओळ छापण्यास खर्चही येत नाही : ज्यांना मध्येच उठावे लागते, हलावे लागते, बोलल्याशिवाय राहवत नाही, त्यांनीही अवश्य यावे. मागील रांगेच्या कडेच्या चार खुर्च्या आणि शेजारची एक खोली त्यांच्यासाठी राखावी, गायकांना आधी कल्पना द्यावी आणि निवेदकाने आरंभी दोन वाक्यांत श्रोत्यांनाही ती द्यावी. पुढच्या बैठकीपासून हे करता येण्यासारखे आहे.